टकाचोरावरचा आळ: पक्षी खरंच चमकतं ते उचलतात का?

हापशीवर हातपाय धुताना काढून ठेवलेलं कानातलं दिसेनासं झालं की गावात संशयाची यादी ठरलेली असते. आधी माणसं, मग उंदीर-घूस, आणि कुणीच हाती लागलं नाही की झाडावरचा कावळा किंवा त्याच्याच कुळातला टकाचोर. पक्ष्यांना चमकीची भूल पडते, दिसेल ते उचलून ते घरट्यात नेतात, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की खरंखोटं करायच्या फंदात कुणी पडत नाही. संशोधकांनी मात्र ते करून पाहिलं आणि उत्तर जवळजवळ उलटं निघालं. चमकणारी अनोळखी वस्तू दिसली की या कुळातले पक्षी पुढे येत नाहीत, बिचकून मागे सरकतात. ज्वारीच्या वावरात आपण चमकीली रिबीन बांधतो ती याच स्वभावाच्या भरवशावर.

मूळ आळ आहे युरोपातल्या मॅगपायवर. हा काळा-पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर निळी-हिरवी झाक असलेला, कावळ्याच्या कुळातला पक्षी. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, त्यातली निम्मी शेपटीच. भारतात तो बघायचा तर लडाखला जावं लागतं. विदर्भात तो नाही. आपल्याकडे आवारात गाणाऱ्या दयाळाच्या इंग्रजी नावात मॅगपाय आहे, पण तो माशीमारांच्या कुळातला. त्याचा या भानगडीशी काही संबंध नाही.

युरोपात ही समजूत जुनी आहे, आणि ती पक्की व्हायला एका संगीतनाटकाचा मोठा हातभार लागला. रोसिनी या इटालियन संगीतकाराचा ‘ला गाझा लाद्रा’, म्हणजे चोरटी मॅगपाय, हा ऑपेरा १८१७ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्यांदा झाला. घरातल्या मोलकरणीवर चांदीच्या वस्तू चोरल्याचा आरोप येतो, तिला मृत्युदंड फर्मावला जातो, आणि ऐनवेळी कळतं की वस्तू मॅगपायनं नेल्या होत्या. पुढची दोनशे वर्षं पक्षी चोर ठरला तो ठरलाच.

२०१४ साली इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी हा आळ तपासायला घेतला. पद्धत साधी होती आणि म्हणूनच चांगली. मोकळ्यावर फिरणाऱ्या मॅगपायना दाण्यांच्या ढिगाची सवय लावली. मग ढिगापासून ३० सेंटिमीटरवर काही वस्तू ठेवल्या: धातूचे स्क्रू, ॲल्युमिनियम फॉइलच्या लहान कड्या, फॉइलचा चौकोनी तुकडा. त्यातल्या निम्म्या वस्तू चकचकीत ठेवल्या आणि निम्म्यांना चमक नसलेला निळा रंग दिला. असं केलं की वस्तू तीच, आकार तोच, फरक फक्त चमकीचा उरतो. ६४ चाचण्यांत पक्ष्यांनी चमकती वस्तू उचलली फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा लगेच टाकून दिली. एरवी त्यांनी वस्तूंकडे दुर्लक्ष केलं किंवा त्यांना टाळलं. वस्तू शेजारी असल्या की दाणेही ते बऱ्याचदा कमी खात, मग वस्तू चमकती असो की निळी.

यातली खरी गोम शेवटच्या वाक्यात आहे. पक्ष्याला चमकीचं ना आकर्षण, ना खास वावडं. त्याला भीती आहे ती नव्याची. कावळा, मॅगपाय, टकाचोर हे सगळे माणसाच्या आसपास, उष्ट्या-खरकट्यावर, मेलेल्या जनावरावर जगणारे. काल नव्हतं ते आज इथं का आहे, ही शंका न घेणारा कावळा फास्यात सापडतो. म्हणून पहिल्यांदा लांबून बघायचं, दोनदा घिरटी मारायची, दुसरा कुणी उतरतो का याची वाट बघायची, हा त्यांचा शिरस्ता. नवं बुजगावणं उभं केलं की दोन-चार दिवस वावर मोकळं राहतं आणि आठवड्यानं कावळा त्याच्याच डोक्यावर बसतो, त्यामागचं कारण हेच.

मग इतक्या लोकांनी पक्ष्याला चमकतं उचलताना पाहिलं, ते सगळे खोटं बोलतात का? तसं नाही. पक्षी दिवसभरात काड्या, साल, चिंधी, हाड, ढेकूळ असं शंभर वेळा काही ना काही उचलतो आणि टाकतो. ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. एकदा चांदीच्या कागदाचा तुकडा उचलला की तो ध्यानात राहतो, कारण चमकीची भूल आपल्याला आहे. दुसरं कारण पिल्लांचं. बर्न्ड हाइनरिख या अभ्यासकानं रॅव्हन या थंड मुलखातल्या मोठ्या कावळ्याच्या पिल्लांवर काम केलं, ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. वयात न आलेली पिल्लं प्रत्येक नवी वस्तू चोचीत धरून बघतात. ती चमकते की नाही याला महत्त्व नसतं. खाण्यासारखं काय आणि बिनकामाचं काय हे ती अशीच शिकतात. घरट्यातून पडलेलं कावळ्याचं पिल्लू पोरांनी सांभाळलं तर ते चमचा, बटण, गोटी, चप्पलेचा अंगठा, सगळंच ओढत नेतं. त्यातला चमचा तेवढा गावभर होतो.

टकाचोराकडे आता नीट बघा. मेळघाट, ताडोबा, पेंच, नागझिऱ्यात तर तो आहेच, पण गावालगतच्या आमराईत, कडुनिंबावर, नाल्याकाठच्या झाडांतही दिसतो. अंगानं साळुंकीएवढा, पण मागं फूटभर लांब शेपूट. डोकं-मान काजळी रंगाची, पाठ-पोट विटकरी, पंखावर करडा-पांढरा पट्टा, शेपटी राखी आणि टोकाला काळी. उडताना जोरात पंख मारतो, मग पंख पसरून तरंगतो, पुन्हा मारतो. आवाज दोन तऱ्हेचे: एक कर्कश ‘कें-कें-कें’, आणि दुसरा इतका गोड तिहेरी स्वर, ‘को-की-ला’सारखा, की एकाच पक्ष्याचे हे दोन्ही आवाज आहेत हे पटत नाही. खाण्यात फळं, किडे, सरडे, उंदराची पिल्लं, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी, मेलेलं जनावर, जे मिळेल ते. चोर म्हणायचं असेल तर अंड्यांचा चोर म्हणा, ते खरं आहे. टक्याचा नाही.

आणखी एक सवय त्याला संशयात पाडते. पोट भरल्यावर उरलेलं खाणं तो सालीच्या फटीत, ढोलीत दडवून ठेवतो. इकडेतिकडे बघत चोचीतलं काहीतरी फटीत कोंबणारा पक्षी पाहिला की बघणाऱ्याला ती अंगठी वाटणारच. फटीत हात घातला तर बहुधा किडा किंवा मांसाचा तुकडा निघेल.

कावळ्याच्या घरट्यात मात्र धातू खरोखर सापडतो. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, गावकावळा घरटं बांधतो: खाली काड्यांचं मजबूत मचाण, मध्ये वाटीसारखी जागा, आत काथ्या, केस, दोऱ्या. घरकुलांची बांधकामं चालू असली की काड्यांच्या जोडीला बाइंडिंग वायरचे तुकडे येतात. कारण चमक नव्हे, कारण काम. तार वाकवली की वाकलेली राहते, एकमेकांत अडकते, वाऱ्यानं निसटत नाही आणि सळयांचं काम चालू असलेल्या प्लॉटवर फुकट पडलेली असते. गंजलेली तारही तो तितक्याच आनंदानं नेतो. हेच घरटं विजेच्या खांबावर बांधलं तर तारेचा एखादा लोंबता तुकडा दोन वाहिन्यांना टेकतो आणि फ्यूज उडतो. असं घरटं काठीनं पाडायला जाऊ नका, लाइनमनला कळवा. बांधकामाच्या जागी तारेचे तुकडे रोज संध्याकाळी डब्यात गोळा करणं सगळ्यात सोपं. त्याचं आणखी एक कारण आहे, ते जनावरांशी जोडलेलं आहे, पुढे येतंच.

कावळा नेतो त्यातली दुसरी वस्तू साबण. हापशीवरची, विहिरीच्या काठावरची वडी गायब होते तेव्हा तिचा चकचकीत रंग दोषी नसतो. साबण तेला-चरबीपासून बनतो, आणि कावळ्याला स्निग्ध पदार्थ हवा असतो. जपानमधल्या क्योतो शहरात, फुशिमी इनारी देवस्थानाच्या परिसरात, कावळे पेटत्या मेणबत्त्या पळवत आणि वाळल्या पानांत टाकत, त्यातून आगी लागल्या. तिथंही त्यांना ज्योतीचं आकर्षण नव्हतं, मेणातल्या चरबीचं होतं. अर्धवट खाल्लेली वडी सापडली तर खुणा बघा. चोचीचे टोचे खड्ड्यासारखे आणि विस्कळीत असतात. उंदराच्या दातांचे ओरखडे बारीक, जोडीजोडीनं, समांतर असतात. उपायही तसाच: कावळ्यासाठी झाकणाची डबी पुरते, उंदरासाठी टांगती डबी लागते.

घारीचा किस्सा वेगळा आणि जास्त गमतीचा. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानावर घिरट्या घालते तीच जात स्पेनच्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानातही आहे. तिथल्या घारींवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घारी घरट्यात प्लॅस्टिक आणून मांडतात. संशोधकांनी पांढरं, हिरवं आणि पारदर्शक असं तीन तऱ्हेचं प्लॅस्टिक समोर ठेवलं, तर त्यांची पसंती पांढऱ्याला पडली. ते लांबून उठून दिसतं. ऐन उमेदीतल्या, चांगली जागा राखून असलेल्या जोड्या जास्त सजावट करतात. ती शेजाऱ्यांना दिलेली ताकीद असते: इथं यायचं तर विचार करून या. दुबळ्या जोडीच्या घरट्यात मुद्दाम जास्त प्लॅस्टिक ठेवलं तर त्यांनी ते काढून टाकलं, कारण ताकदीचा डौल मिरवला की भांडायला येणारेही वाढतात. म्हणजे वस्तू आवडली म्हणून नेण्याचा हा प्रकारच नाही. जगात वस्तू जमवण्याचा नाद असलेले पक्षी आहेत, ऑस्ट्रेलियातल्या बोवरबर्डचा नर मादीसाठी निळ्या वस्तू मांडतो, पण ते आपल्या बाभळीवर येणार नाहीत.

मग दागिना गेला कुठं?

विदर्भातल्या गावात दागिना गिळणारा प्राणी शोधायचा तर वर बघू नका, गोठ्यात बघा. २०२३ मध्ये वाशीम जिल्ह्यात एका घरी सोयाबीन-भुईमुगाच्या टरफलांच्या ताटात ठेवलेलं मंगळसूत्र ते ताट पुढ्यात आल्यावर म्हशीनं टरफलांबरोबर गिळलं. मेटल डिटेक्टरनं जागा नक्की करून पशुवैद्यकांनी दोन तास शस्त्रक्रिया केली, साठ-पासष्ट टाके पडले आणि मंगळसूत्र निघालं. पोळ्याच्या दिवशी पूजेच्या ताटातलं सोनं पुरणपोळीबरोबर बैलाच्या पोटात गेल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात.

हे का होतं ते कळायला जनावराचं खाणं बघावं लागतं. गाय-म्हैस जिभेनं घास ओढून घेते, अर्धवट चावते आणि गिळते. नीट चावणं नंतर रवंथ करताना. ओठांनी चाचपून नको ते बाजूला काढायची सवय शेळीला आहे, म्हशीला नाही. गिळलेली जड वस्तू पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. तिथून ती सहसा शेणावाटे बाहेर येत नाही, म्हणून आठवडाभर शेण चिवडून फारसं काही हाती लागत नाही. सोन्याला चुंबक लागत नाही, त्यामुळे चुंबकाचा उपयोग नाही, डिटेक्टर लागतो. तो नसेल तर एक्स-रेची सोय असलेला पशुदवाखाना गाठावा लागतो. एक दिलासा आहे: गुळगुळीत सोनं पोटात राहून लगेच इजा करत नाही, त्यामुळे घाबरून गावठी जुलाब पाजू नका.

इजा करते ती टोकदार वस्तू. बाइंडिंग वायर, खिळा, सुई कुटारात गेली की त्याच जाळीदार कप्प्यात अडकते. तो कप्पा पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला लागून असतो आणि पडद्यापलीकडे हृदय. पोट आकुंचन पावलं की टोक पुढं सरकतं. जनावर एकाएकी चारा सोडतं, दूध तुटतं, पाठीला बाक येतो, पुढच्या पायांचे कोपर बाहेर फाकवून उभं राहतं, उतारावरून चालायला तयार होत नाही, उठताना-बसताना कण्हतं. ही लक्षणं एकत्र दिसली तर नुसता अपचनाचा पाला देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. लोखंडी तार असेल तर पशुवैद्यक चुंबक गिळवून तिला धरून ठेवू शकतात, पण ती टोचून आत शिरण्याआधी.

हरवलेला दागिना शोधायचा क्रम याच्यावरून ठरतो. आधी त्या दिवशीचा केर बाहेर जाऊ देऊ नका. न्हाणीची नाली बंद करून तळचा गाळ घमेल्यात काढा आणि चाळणीतून पाणी घालून धुवा. चुलीतली राख चाळा. मग गव्हाण, त्या दिवशी टाकलेला चारा, उष्टावलेलं कुटार. उकिरडा शेवटी, वरच्या थरापासून. झाडावरचं घरटं या यादीत घ्यायचं तर सगळ्यात खाली घ्या. शिवाय अंडी-पिल्लं असताना कावळीण डोक्यात चोच मारते ती वेगळीच.

शाळेत करण्यासारखी चाचणी

एक्झिटरचा प्रयोग गावच्या शाळेच्या पटांगणात कावळे-साळुंक्यांवर करता येतो. खर्च नसल्यातच जमा. लागतात दोन सारख्या थाळ्या, मूठभर शेंगदाणे, सहा मोठे नट-बोल्ट, थोडा मातट रंग आणि घड्याळ. बोल्ट अंगठ्याएवढे घ्या, पक्ष्याला गिळता येणार नाहीत असे. तीन नवे चकचकीत ठेवा, तिघांना चमक न येणारा रंग द्या आणि दोन दिवस वास जाईपर्यंत उन्हात ठेवा.

पहिले चार-पाच दिवस नुसते दाणे, रोज एकाच वेळेला, एकाच जागी. प्रत्येक थाळीत वीस दाणे मोजून. पक्षी बिनधास्त उतरू लागले की एका थाळीपासून फूटभर अंतरावर चकचकीत बोल्ट मांडा आणि दुसऱ्या थाळीपासून तितक्याच अंतरावर रंगवलेले. दुसऱ्या दिवशी बाजू बदला, नाहीतर झाडाजवळची थाळी नेहमीच जिंकेल. मधून एखाद्या दिवशी बोल्टशिवाय नुसते दाणे ठेवा. त्या दिवशीचा आकडा तुलनेला लागतो. लिहायच्या गोष्टी तीनच: पहिला पक्षी किती सेकंदांनी आला, वीस मिनिटांनी किती दाणे उरले, बोल्टला चोच लागली का.

बिघडतं ते बहुतेक वेळा फॉइलमुळे. पोरं डब्यातला चपातीचा चांदीचा कागद आणतात, त्याला तेलाचा वास असतो, कावळा तो नेतो आणि सगळे ओरडतात, ‘बघा, चमकतं नेलं!’ त्याला चपाती हवी होती. वाऱ्यानं हलणारा कागदही नको, कारण मग पक्षी हालचालीला बिचकतो की वस्तूला, हे कळत नाही. बघणाऱ्यांनी खिडकीआड बसायचं. आणि एकच धीट कावळा दहा वेळा आला तर ते दहा कावळे नव्हेत. पायाला किंवा पिसाला खूण असलेला असेल तर तसं लिहून ठेवा.

आरशाशी भांडण

चमकत्या वस्तूकडे पक्षी स्वतःहून पुन्हा पुन्हा येतो असं एकच ठिकाण गावात रोज दिसतं: मोटारसायकलचा आरसा. दयाळ, चिरक, शिंजीर, कधी चिमणा त्यावर झेपावतो, चोच मारतो, टाकीवर घाण करतो. त्याला काच नको असते. आरशात दुसरा नर दिसतो आणि विणीच्या हंगामात आपल्या हद्दीत दुसरा नर चालत नाही. प्रतिबिंब पळून जात नाही, म्हणून हा बिचाराही थकेपर्यंत लढतो. बहुतेक पक्ष्यांना आरशातला आपण आहोत हे कळत नाही. गंमत म्हणजे ज्या थोड्या पक्ष्यांनी ते ओळखल्याचा पुरावा दिला त्यात मॅगपाय आहे: २००८ मध्ये जर्मन संशोधकांनी गळ्याखाली, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी रंगीत ठिपका चिकटवला, तर काही मॅगपाय आरशात बघून तो खरवडू लागले.

उपाय म्हणाल तर गाडी उभी केली की आरशावर जुना पायमोजा चढवा. मार्च ते जुलै एवढं पाळलं तरी पुरे. आरसा आत वळवला तर पक्षी दुसऱ्या बाजूनं येतो, त्यानं भागत नाही.

रिबीन बांधायची तर अशी

आता वावरातलं काम. ज्वारीचं क्षेत्र विदर्भात घटलं, सोयाबीन वाढलं, आणि चहूकडे हरभरा-पऱ्हाटी असताना मध्येच एकट्यानं ज्वारी पेरली की पंचक्रोशीतले राघू, चिमण्या, सुगरणी तिथंच उतरतात. तिथं रिबिनीचा उपयोग होतो. एका बाजूनं चांदी आणि दुसऱ्या बाजूनं लाल अशी, बोटभर रुंदीची पातळ पट्टी असते ती.

बांधायची वेळ चुकली की सगळं वाया जातं. पक्ष्याला रिबिनीची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पीक फुलोऱ्यात असताना बांधली तर दाणा भरेपर्यंत तिचा धाक संपलेला असतो. उशिरा बांधली तर राघूंना वावराची चटक लागलेली असते. दाणा नखानं दाबून बघा; पांढरं दूध निघालं की त्याच दिवशी बांधा. दूध ते घट्ट दाणा हाच नुकसानीचा काळ.

ओळी उत्तर-दक्षिण ठेवा. पक्षी सकाळी आणि संध्याकाळी खातात, तेव्हा ऊन पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून तिरपं येतं आणि पट्टीच्या अंगावर पडतं. दोन ओळींत ५ मीटर अंतर. पाखरांचा जोर फार असेल तर ३ मीटर. पट्टी कणसांच्या वर अर्धा मीटर हवी. दर १० मीटरला बांबू, आणि त्या १० मीटरात पट्टीला दोन-तीन पीळ. पीळ नसला तर एकच बाजू दिसते. पीळ असला की वाऱ्यानं लाल-चांदी-लाल अशी लखलख होते आणि पट्टी गुणगुणते. फार ताणली तर तुटते. सैल सोडली तर कणसांत गुरफटते. ज्वारी दोन मीटरची असेल तर बांबू तीन मीटरचा घ्या, अर्धा मीटर जमिनीत जाईल. तुराट्या स्वस्त पडतात पण वाऱ्यात कलतात.

हिशोब आधी करा. एकराचं चौकोनी वावर म्हणजे साधारण ६४ मीटर बाजू. ५ मीटरवर १३ ओळी, प्रत्येकी ६४ मीटर, म्हणजे ८३० मीटरच्या वर. गाठी धरून १०० मीटरची नऊ रिळं आणि नव्वदेक बांबू. एवढं नको म्हणून लोक नुसती धुऱ्यानं चारी बाजूंना एक पट्टी फिरवतात. राघू वरून येतो, धुऱ्यावरून नाही, त्यामुळे ते पैसे फुकट जातात.

वारा पडला, आभाळ आलं की रिबीन जवळजवळ निकामी. खरिपाच्या ज्वारीत हे जास्त जाणवतं. म्हणून एकट्या रिबिनीवर विसंबू नका. आठवड्यानं सकाळ-संध्याकाळ डबा वाजवणं, गोफण, राखण सुरू करा. दर चार दिवसांनी दोन-तीन ओळींची जागा किंवा उंची बदला म्हणजे वस्तू पुन्हा नवी वाटते. परसातल्या दोन-तीन फळझाडांना जुन्या सीडी टांगता येतात, नियम तोच. विष लावलेले दाणे मात्र टाकू नका: त्यानं मोर मरतो, तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि मेलेलं पाखरू खाऊन गावातली कुत्री-मांजरंही जातात.

कापणीआधी रिबीन काढायची, कापणीनंतर नाही. दोन माणसं, एक गुंडाळणारा आणि एक गाठी सोडणारा, एका सकाळी एकर उरकतात. ओढून तोडली तर तिचे वीतभर तुकडे ताटांत अडकतात, ताटांचा कडबा होतो आणि कडबा गव्हाणीत जातो. म्हैस तो तुकडा निवडून बाजूला काढणार नाही. लावताना किती रिळं आणली ते लिहून ठेवलेलं असेल तर काढल्यावर मोजा. एक ओळ कमी भरली तर पेंढ्या बांधायच्या आधी ती शोधा.